एलईडीला पल्स द्या, पण हिशेबाने

दुकानांवरचे पळत्या अक्षरांचे फलक, टोकन नंबर दाखवणारी यंत्रे, मशिदींतील जमाअतच्या वेळांचे डिजिटल बोर्ड हे सर्व तयार करण्याचा धंदा आपल्याकडील अनेक होतकरू तरुणांनी हाती घेतला आहे. भांडवल बेताचे लागते, जागा एका खोलीएवढी पुरते आणि हातात कसब असले की गिऱ्हाईक मिळत राहते. मात्र या धंद्यातला नफा बोर्ड विकताना ठरत नाही. गॅरंटीच्या वर्षात तो बोर्ड परत आला नाही, तरच चार पैसे हाती उरतात. परत येणाऱ्या बोर्डांची तक्रारही बहुधा ठरलेली असते : काही आकडे फिके पडले, एखादी रेघ गेली, किंवा एक आकडा भगभगीत आणि बाकीचे काळे.

अशा वेळी दोष एलईडीच्या मालाला दिला जातो. माल हलका असतो हे खरे, पण नेहमी नाही. पुष्कळदा एलईडी चांगला असतो आणि त्याला करंट देण्याची रीत चुकलेली असते. ही रीत म्हणजे पल्सची. पल्स म्हणजे अखंड करंट न देता क्षणभर मोठा करंट देणे, मग थांबणे, पुन्हा देणे. या रीतीने एलईडी सुखरूप कसा चालवावा, याचाच विचार आम्ही येथे करणार आहोत.

प्रथम पल्सची गरज का पडते ते पाहू. वेळेच्या बोर्डावर पाच जमाअतच्या वेळा आणि एक घड्याळ अशा सहा ओळी धरल्या, तर प्रत्येकी चार याप्रमाणे चोवीस आकडे होतात. एका आकड्यात सात सेगमेंट, म्हणजे १६८ सेगमेंट झाले. प्रत्येकाला वेगळी तार आणि वेगळा ट्रान्झिस्टर द्यायचा तर बोर्ड परवडणार नाही. म्हणून आकडे आळीपाळीने उजळतात. पहिला आकडा क्षणभर, मग दुसरा, मग तिसरा. हे चक्र सेकंदाला शंभराहून अधिक वेळा फिरले की डोळ्याला सर्व आकडे एकदम पेटलेले दिसतात. यालाच मल्टिप्लेक्सिंग म्हणतात. बाजारात मिळणारे लाल रंगाचे पी १० मोड्यूलही असेच चालते. त्यात ३२ गुणिले १६ म्हणजे ५१२ एलईडी असतात आणि एका क्षणी त्यांपैकी चौथा हिस्साच पेटलेला असतो.

आता चार आकड्यांच्या चक्रात प्रत्येकाच्या वाट्याला पाव वेळ येतो. तेव्हा उजेड पाव होऊ नये म्हणून कारागीर करंट चौपट करतो. दहा मिलिअँपिअरच्या जागी चाळीस. सरासरी दहाच पडते, मग बिघडले कुठे, असा हा हिशेब आहे. तो अर्धा बरोबर आहे. उरलेल्या अर्ध्यात नुकसान दडलेले आहे.

एलईडीचा डेटाशीट काढून पाहावा. साध्या पाच मिलिमीटरच्या एलईडीला अखंड करंटाची मर्यादा बहुधा २० ते ३० मिलिअँपिअर दिलेली असते. त्याखाली पल्सच्या करंटाची मर्यादा असते, ती पुष्कळदा १०० मिलिअँपिअरच्या आसपास. हा आकडा पाहून कारागीर खूश होतो. पण त्याच ओळीत किंवा पानाच्या तळाशी बारीक अक्षरांत दोन अटी असतात : ड्यूटी एक दशांश आणि पल्सची लांबी ०.१ मिलिसेकंद. पहिली अट लोक पाळतात. दुसरी कोणी वाचत नाही.

ही दुसरी अट कशासाठी आहे? एलईडीतला प्रकाश देणारा कण हा मिलिमीटरच्या चौथ्या-तिसऱ्या हिश्शाएवढा असतो. एवढासा कण तापायला वेळ लागत नाही. त्याची उष्णता पायाच्या तारेतून बाहेर पडायला मात्र कितीतरी जास्त वेळ लागतो. पल्स अगदी आखूड असली तर कण फार तापण्याच्या आधीच करंट थांबतो. पल्स लांबली की त्याच पल्सच्या आत कण मर्यादेपलीकडे तापतो, मग नंतर त्याला कितीही विश्रांती द्या. तापलेल्या तव्यावरून बोट चटकन फिरवले तर भाजत नाही. तेच बोट टेकवून ठेवले तर फोड येतो. दिवसभरात बोट सरासरी किती वेळ तव्यावर होते, हे त्या फोडाला सांगून उपयोग नाही.

आता आपल्या बोर्डाचा हिशेब करू. आठ आकड्यांचे चक्र सेकंदाला शंभर वेळा फिरते असे समजा. एक चक्र १० मिलिसेकंदांचे. प्रत्येक आकड्याच्या वाट्याला १.२५ मिलिसेकंद. म्हणजे डेटाशीटने सांगितलेल्या ०.१ मिलिसेकंदाच्या साडेबारा पट! ड्यूटी एक अष्टमांश पाहून कोणी येथे ८० किंवा १०० मिलिअँपिअर दिले, तर तो डेटाशीटच्या आत आहे असे मानणे ही स्वतःचीच फसवणूक आहे. ०.१ मिलिसेकंदाची अट पाळायची असेल तर तेच चक्र सेकंदाला १२५० वेळा फिरले पाहिजे. मॅक्स ७२१९ नावाची चिप अनेकांच्या परिचयाची आहे. ती आठ आकड्यांचे चक्र सेकंदाला साधारण ८०० वेळा फिरवते. तेथे पल्स सुमारे ०.१६ मिलिसेकंदाची होते आणि सेगमेंटचा करंट ४० मिलिअँपिअरवर ठेवायला सांगितलेला आहे. चिप करणाऱ्यांनी १०० चा मोह धरला नाही, हे ध्यानात घ्यावे.

आमचा सल्ला असा की, चक्राचा वेग कमी असेल आणि पल्स एक मिलिसेकंदाहून लांब असेल, तर अखंड करंटाच्या दुपटीपलीकडे जाऊ नये. वेग वाढवणे शक्य असेल तर आधी वेग वाढवावा, करंटाचा विचार नंतर करावा. वेग वाढवायला प्रोग्रॅममधल्या दोन ओळी बदलाव्या लागतात, पैसे लागत नाहीत.

येथे एका जुन्या समजुतीबद्दल बोलणे भाग आहे. जुने उस्ताद सांगतात की सरासरी करंट तेवढाच ठेवून पल्स दिली तर उजेड जास्त पडतो. त्यांच्या काळात ते खरे होते. १९७२ साली बाजारात आलेल्या एचपी ३५ या खिशातल्या कॅल्क्युलेटरचे लाल आकडे पल्सवरच चालत. त्या काळचा गॅलियम आर्सेनाइड फॉस्फाइडचा लाल एलईडी कमी करंटावर फारच मंद असे आणि करंट वाढवला की उजेड त्याहून अधिक प्रमाणात वाढे. म्हणून त्याला मोठे पण थोड्या वेळाचे झटके देणे फायद्याचे होते. आजच्या निळ्या, पांढऱ्या आणि झगझगीत हिरव्या एलईडीची जात वेगळी आहे. गॅलियम नायट्राइडच्या या घराण्यातला तेजस्वी निळा एलईडी १९९३ साली बाजारात आला आणि त्यामागच्या कामाबद्दल अकासाकी, अमानो व नाकामुरा यांना २०१४ चे नोबेल मिळाले. या जातीत करंट वाढला की प्रत्येक मिलिअँपिअरमागे मिळणारा उजेड कमी होत जातो. म्हणजे १०० मिलिअँपिअर एक पंचमांश वेळ दिला, तर अखंड २० मिलिअँपिअरपेक्षा उजेड कमीच पडतो. वर कण तापतो तो वेगळाच.

डोळा पल्सचा झगमगाट धरून ठेवतो आणि त्यामुळे बोर्ड अधिक तेजस्वी भासतो, अशीही एक समजूत आहे. लुकलुकणे दिसेनासे होईल इतका वेग झाला की डोळ्याला फक्त सरासरी दिसते. हा नियम टॅलबॉट आणि प्लॅटो यांनी एकोणिसाव्या शतकातच मांडून ठेवला आहे. तेव्हा पल्स द्यावी ती तारा आणि ट्रान्झिस्टर वाचवण्यासाठी. जास्त उजेड फुकट मिळेल या आशेने देऊ नये.

आता प्रत्यक्ष आकडेमोड. आपल्या वेळेच्या बोर्डात मोठे आकडे असतात. समजा प्रत्येक सेगमेंटमध्ये चार लाल एलईडी एकामागे एक जोडलेले आहेत आणि पुरवठा १२ व्होल्टचा आहे. पल्सच्या करंटाला एका लाल एलईडीवर २.१ व्होल्ट धरले तर चारांवर ८.४ होतात. सेगमेंटच्या बाजूला यूएलएन २००३ असेल तर तिच्यात साधारण एक व्होल्ट जातो. आकड्याच्या बाजूच्या ट्रान्झिस्टरमध्ये ०.२. बाराातून हे सगळे वजा जाता उरले २.४ व्होल्ट. ६८ ओहमचा रेझिस्टन्स लावला तर करंट ३५ मिलिअँपिअर होतो. चार आकड्यांचे चक्र असल्याने सरासरी पावणेनऊच्या आसपास. घरातल्या बोर्डाला हे भरपूर आहे. एका आकड्याचे सातही सेगमेंट पेटले तर त्याच्या ट्रान्झिस्टरमधून सुमारे २४५ मिलिअँपिअर जातात. म्हणून येथे १०० मिलिअँपिअरचा बीसी ५५७ चालणार नाही, बीसी ३२७ घ्यावा. कमी ताकदीचा ट्रान्झिस्टर लावला की ‘आठ’ हा आकडा ‘एक’पेक्षा मंद दिसतो. मग कारागीर रेझिस्टन्स उतरवतो आणि जिथे दोनच सेगमेंट पेटतात तिथले एलईडी भाजून निघतात.

या हिशेबातली नाजूक जागा वाचकांनी हेरली असेलच. रेझिस्टन्सच्या वाट्याला १२ पैकी अवघे २.४ व्होल्ट आले आहेत. पॉवर सप्लायवर एक छोटा स्क्रू असतो. बोर्ड लावताना गिऱ्हाईक म्हणते, ‘भाई, जरा उजेड वाढवा.’ स्क्रू फिरतो, १२ चे १३ होतात. व्होल्ट वाढले आठ टक्के, पण रेझिस्टन्सवर २.४ चे ३.४ झाले, आणि करंट ३५ वरून पन्नासच्या घरात गेला. असा बोर्ड त्या दिवशी छान दिसतो. आम्ही तर म्हणू की व्होल्टेज एकदा ठरवल्यावर त्या स्क्रूवर नेलपॉलिशचा थेंब टाकून तो कायमचा बंद करावा. आणि शक्य असेल तर रेझिस्टन्सच्या वाट्याला पुरवठ्याचा किमान चौथा हिस्सा यावा, अशी जोडणी करावी. चारऐवजी तीन एलईडी एका ओळीत घेतले की हे सहज साधते. मात्र मग रेझिस्टन्स नव्याने काढावा लागतो. पांढरा-निळा एलईडी तर ३ व्होल्टच्या वर घेतो. तो ५ व्होल्टवर यूएलएनमार्गे चालवला तर रेझिस्टन्सला जेमतेम पाऊण व्होल्ट उरतो आणि करंट वाऱ्यावरच सोडल्यासारखा होतो. तेथे ठरावीक करंट देणारी ड्रायव्हर चिप वापरणेच बरे.

एवढे सगळे बरोबर केले तरी एक मोठा शत्रू शिल्लक राहतो. तो म्हणजे अडकलेला प्रोग्रॅम. पल्सचा सगळा हिशेब चक्र फिरते आहे या भरवशावर उभा असतो. विजेचा झटका आला, शेजारी वेल्डिंग चालू झाले, पंप सुरू झाला आणि मायक्रोकंट्रोलर जागच्या जागी थिजला, तर जो आकडा त्या क्षणी पेटलेला असेल तो पेटलेलाच राहतो. पाव वेळ मिळणारे ३५ मिलिअँपिअर आता अखंड मिळू लागतात. हा एलईडी लगेच मरणार नाही, पण रात्रभर असा राहिला तर सकाळी तो आकडा इतरांपेक्षा फिका झालेला असू शकतो. सोळा ओळींचे चक्र असेल आणि पल्स १०० मिलिअँपिअरची असेल, तर निकाल लागायला फार वेळ लागत नाही. एक आकडा भगभगीत आणि बाकीचे काळे, ही सुरुवातीला सांगितलेली तक्रार हीच.

यावरचे उपाय स्वस्त आहेत. आजच्या बहुतेक चिपमध्ये वॉचडॉग असतो. प्रोग्रॅमने ठरलेल्या वेळात त्याला हजेरी दिली नाही तर तो चिपला पुन्हा पहिल्यापासून सुरू करतो. जुन्या ८९सी५१ मध्ये तो नव्हता, ८९एस५१ मध्ये आहे. ही हजेरी आकडे फिरवणाऱ्या भागातूनच द्यावी, म्हणजे चक्र थांबले की हजेरीही थांबते. त्याहून पक्का उपाय चिपच्या बाहेरचा. ७४एचसी१२३ सारखी चिप चक्राचे ठोके ऐकत बसते आणि ठोके थांबताच सर्व आकडे बंद करते. पी १० सारख्या मोड्यूलला उजेड चालू-बंद करणारी वेगळी पिन असते, तिच्यावर हे काम सोपवता येते. बोर्ड सुरू होतानाचा क्षणही तपासावा. ८०५१ जातीच्या चिपच्या पिना रिसेट होताना सगळ्या वर असतात. दुसऱ्या काही जातींत त्या अधांतरी असतात. दोन्ही वेळा आकडे बंद राहतील असे रेझिस्टन्स त्या त्या पिनांना लावावेत.

प्रोग्रॅम लिहिण्याच्या दिवसांत तर चक्र दहा वेळा अडकते. आमची शिफारस अशी की, तोवर ठरलेल्याच्या चौपट ओहमचे रेझिस्टन्स लावून काम करावे. आकडे मंद दिसतील, पण अडकले तरी एलईडीला धक्का लागणार नाही. प्रोग्रॅम आठवडाभर न अडकता चालला, मग खरे रेझिस्टन्स टाकावेत.

रिमोट कंट्रोलचे काम करणाऱ्यांचा प्रश्न थोडा वेगळा आहे. तेथे मोठी पल्स हाच धर्म. टीएसएएल ६२०० हा इन्फ्रारेड एलईडी अखंड १०० मिलिअँपिअरचा असला तरी ०.१ मिलिसेकंदाच्या एकट्या झटक्यासाठी त्याला दीड अँपिअरपर्यंत परवानगी आहे. रिमोटचा ३८ किलोहर्ट्झचा एक ठोका २६ मायक्रोसेकंदांचा. त्यातला तिसरा हिस्सा एलईडी पेटतो, म्हणजे जेमतेम नऊ मायक्रोसेकंद, आणि बटण दाबले तेवढाच वेळ. म्हणून तो जगतो. पण दीड अँपिअर ही एकट्या झटक्याची मर्यादा आहे. एकामागून एक येणाऱ्या ठोक्यांना तिच्या जवळपासही जाऊ नये. हा प्रकाश डोळ्याला दिसत नाही, तेव्हा चालू एलईडीत जवळून पाहण्याचे टाळावे. तपासायचे असेल तर मोबाईलच्या कॅमेऱ्यातून पाहावे. बहुतेक कॅमेऱ्यांत तो दिसतो.

दोन बारीकसारीक गोष्टी. एलईडीला उलटे व्होल्टेज फार सोसत नाही, डेटाशीटमध्ये ५ व्होल्टच दिलेले असतात. १२ व्होल्टवर एकेकट्या एलईडीची जाळी चालवणाऱ्यांनी, बंद असलेल्या एलईडीवर उलटे किती येते ते मीटरने पाहावे. आणि ठरावीक करंटाचा ड्रायव्हर चालू ठेवून त्याला एलईडीची पट्टी जोडू नये. मोकळा असताना त्याचा कपॅसिटर पूर्ण भरलेला असतो आणि जोडताक्षणी तो सगळा एलईडीतून रिकामा होतो. बल्ब दुरुस्त करणाऱ्यांचे नवे एलईडी टेबलावरच जातात ते पुष्कळदा असे.

आता फिके पडण्याबद्दल. एलईडी झिजतो तो पेटलेल्या तासांनी, करंटाने आणि उष्णतेने. वेळेच्या बोर्डावर एकच वेळ महिनोन्महिने राहते. जोहरची जमाअत दीडला असेल तर ‘एक’च्या दोनच रेघा रात्रंदिवस पेटतात. ती दोनवर नेली की ‘दोन’च्या पाच रेघांपैकी चार अगदी ताज्या आणि एक झिजलेली, असा आकडा दिसतो. सगळ्या रेघा सारख्या झिजल्या असत्या तर कोणाच्या ध्यानातही आले नसते. म्हणून अशा बोर्डात करंट नेहमीपेक्षा कमी ठेवावा. उजेड दुप्पट केला तरी डोळ्याला तो दुप्पट वाटत नाही, हे येथे आपल्या बाजूचे आहे. नवाचा सहा मिलिअँपिअर केला तर गिऱ्हाईकाला फरक सहसा कळणार नाही. आकडे ठळक दिसण्यासाठी समोर लाल अ‍ॅक्रिलिकची काच लावावी. मागचा पांढरा भाग काळवंडतो आणि आकडा उठून दिसतो. रात्री एलडीआरच्या मदतीने ड्यूटी कमी करावी. पत्र्याच्या छपराखाली किंवा उन्हात बोर्ड असेल तर पेटीला वरखाली हवेची भोके हवीत. डेटाशीटचे आकडे २५ अंश तापमानाचे असतात, आणि विदर्भ-मराठवाड्यात मे महिन्यात बाहेरच ४५ असते.

राहिला प्रश्न सुट्या मालाचा. लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्याच्या तपकीर गल्लीत पिशवीतून घेतलेल्या एलईडीला डेटाशीट नसते. तो २० मिलिअँपिअरचा आहे असे धरावे आणि पल्स ४० च्या वर नेऊ नये. मोठी ऑर्डर घेण्याआधी एक चाचणी करावी. एकाच पिशवीतले सहा एलईडी घ्यावेत. दोन बाजूला ठेवून द्यावेत, दोन अखंड २० मिलिअँपिअरवर लावावेत आणि दोन आपण बोर्डात देणार त्याच पल्सवर. महिनाभर चालू ठेवावेत. मग सहाही एलईडी प्रत्येकी वेगळा रेझिस्टन्स लावून ५ मिलिअँपिअरवर शेजारी शेजारी पेटवावेत आणि अंधाऱ्या खोलीत पांढऱ्या कागदावर त्यांचा उजेड पाडून पाहावा. पल्सवरची जोडी उघड फिकी दिसली, तर रेझिस्टन्स वाढवून पुन्हा महिनाभर पाहावे. तिन्ही जोड्या सारख्या दिसल्या, तरच गिऱ्हाईकाला वर्षाची गॅरंटी लिहून द्यावी.